क्रेशिमिर चोसिच : गेला आणि परतला

खेळाडूची थोरवी कशानें मोजावी? बास्केटबॉलपुरतें जगानें एक ठरीव माप पत्करलें आहे : अमेरिकेच्या व्यावसायिक संघांत जो खेळला तो मोठा, बाकीचे मागाहून. हें माप किती अपुरें आहे, तें ज्याच्या चरित्रावरून उमगतें अशा एका युरोपीय खेळाडूची ओळख आम्ही येथें वाचकांस करून देत आहों.

क्रेशिमिर चोसिच याचा जन्म २६ नोव्हेंबर १९४८ रोजीं झाग्रेब येथें झाला. पण तो वाढला आणि खेळ शिकला तो एड्रियाटिक समुद्राकांठच्या झादार शहरीं. त्याची उंची सहा फूट अकरा इंच होती. एवढ्या उंच गड्यानें टोपलीखालीं उभें राहावें आणि हातीं आलेला चेंडू जवळून आंत टाकावा, अशीच तेव्हांची समजूत होती. चोसिचनें ती रीत मोडली. तो चेंडू आपटीत मैदानभर धांवे, दुरून नेम साधी आणि सोबत्याच्या हातीं अचूक चेंडू पोंचवी.

१९७० सालीं जगज्जेत्या ठरलेल्या युगोस्लाव्ह संघांत तो होता. पुढें अमेरिकेंत, युटा संस्थानांतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडून खेळतांना १९७२ सालीं त्याला अखिल अमेरिकन खेळाडूचा मान मिळाला. हा मान मिळविणारा तो पहिला परदेशी होय. १९७२ मध्यें पोर्टलंडनें व १९७३ मध्यें लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघानें त्याची निवड केली. पण दोघांसही नकार देऊन तो झादारला परतला.

हा अव्यवहार होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्या काळीं व्यावसायिकांस ऑलिंपिकचें दार बंद होतें. तिकडे जाणें म्हणजे स्वदेशाचा संघ सोडणें होतें. परतल्यावर त्याच्या संघानें १९७३, १९७५ व १९७७ सालीं युरोपचें, १९७८ सालीं जगाचें अजिंक्यपद आणि १९८० सालीं मॉस्को येथें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. १९८६ सालीं मार्गदर्शक या नात्यानें त्यानें अठरा वर्षांच्या व्लादे दिवाचला राष्ट्रीय संघांत खेळविलें; तोच दिवाच १९८९ मध्यें लेकर्स संघांत गेला. गुरूनें नाकारलेल्या दारांतून शिष्य आंत शिरला!

१९९१ सालीं क्रोएशिया स्वतंत्र झाल्यावर चोसिचनें वॉशिंग्टन येथील वकिलातींत देशसेवा केली. २५ मे १९९५ रोजीं, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षीं, तो बाल्टिमोर येथें कर्करोगानें निवर्तला. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल-कीर्तिमंदिरांत त्याचें नांव कोरलें गेलें. अमेरिकन व्यावसायिकांच्या त्या स्पर्धेंत तो एकही सामना खेळला नव्हता. सर्बियाच्या निकोला योकिचला २०२१ सालीं त्याच स्पर्धेंतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मिळाला. तोही चोसिचएवढाच उंच, आणि तोही चेंडू देण्यांत निपुण. चोसिच ज्या वाटेनें एकटा चालला, ती आतां राजमार्ग झाली आहे.