दुसऱ्यांचा खेळ पाहून उभे राहिलेले आपले नाटक

यंदाच्या उत्सवाची आखणी चालू असताना एका सभासदाने सुचवले, की एक रात्र कानडी ‘श्रीकृष्ण पारिजाता’च्या खेळाला द्यावी. बैठकीत थोडी कुजबुज झाली आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलला गेला. आम्हा बेळगावकरांचे हे असेच चालले आहे. भाषेच्या हक्काचा प्रश्न वेगळा, त्यावर आमचे मत बदललेले नाही. पण त्या भरात शेजारच्या अंगणातला खेळ पाहणेही आम्ही सोडून दिले. ज्या संगीत नाटकाचा आम्ही अभिमान सांगतो, ते मात्र असे दुसऱ्यांचे खेळ पाहूनच उभे राहिले.

१८४२ साली उत्तर कानडा भागातली भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ झाले. आपण रंगभूमी दिन पाळतो तो याच तारखेला.

त्याच १८४३ साली आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे अण्णासाहेब, जन्मले. घरात मराठी आणि गावात कानडी. पुढे बेळगावात शिक्षकी केली, पोलीस खात्यात काढली, मग पुण्याला रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी. आम्हा सरकारी नोकरांना हे ऐकून बरे वाटते. नाटकाचा नाद होताच. ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक त्यांनी १८७३ मध्ये लिहिले, पण तेवढ्याने आज कोणी त्यांचे नाव घेतले नसते.

१८८० मध्ये पुण्यात पारशी मंडळींनी ‘इंद्रसभा’चा खेळ लावला. नाटक उर्दू, पऱ्यांचे, गाण्यांनी भरलेले. अण्णासाहेब ते पाहायला गेले आणि असे मराठीत का होऊ नये, हा विचार घेऊनच परतले, असे सांगतात. वय ३७. त्या वयात आमच्यापैकी बहुतेक जण बढतीच्या यादीत आपला क्रमांक कितवा, हे मोजत असतात.

त्यांनी इंद्रसभेची नक्कल केली नाही, हे महत्त्वाचे. पऱ्या तिथेच ठेवल्या. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्यावर आयत्या वेळी सुचेल तसे बोलत. आता पात्राने स्वतःच गायचे, आणि बोलायचे ते लिहिलेले. कथा कालिदासाची घेतली. चालींसाठी मात्र चारी दिशांना हात घातला : कीर्तनातली साकी आणि दिंडी, लावणीचा ठसका, हिंदुस्थानी चिजा, आणि लहानपणापासून कानावर पडलेल्या कानडी चाली. ही शेवटची शिदोरी पुण्यातच वाढलेल्या माणसाकडे कुठून असणार? ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक पुण्यात झाले. सूत्रधार स्वतः अण्णासाहेब, दुष्यंत मोरोबा वाघोलीकर.

दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले, आणि त्यात सुभद्रा म्हणून भाऊराव कोल्हटकर. हे बडोद्याचे, तिथल्या पोलीस कचेरीतले कारकून. म्हणजे पुन्हा एक कारकून, आणि पुन्हा महाराष्ट्राबाहेरचा.

१८८५ मध्ये अण्णासाहेब गुर्लहोसूरलाच वारले. ‘रामराज्यवियोग’ अपुरे राहिले.

याची परतफेडही झाली, पण ती आपल्याकडे कमी सांगितली जाते. भाव्यांच्या वळणाच्या मराठी मंडळ्या धारवाड-हुबळीकडे फिरू लागल्या, तेव्हा तिथले कानडी लोक तिकीट काढून मराठी नाटके पाहत. सक्करी बाळाचार्य, म्हणजे शांतकवी, या कानडी शिक्षकाला ते सलले. त्यांनी मराठी खेळांवर बहिष्कार घातला नाही. १८७० च्या दशकात गदगला स्वतःची कानडी नाटक मंडळी काढली आणि तिच्यासाठी उषेची कथा घेऊन ‘उषाहरण’ लिहिले.