पनवेलचा रस्ता आणि माणसाची पाठ

मुंबईहून पुण्यास जावयाचें म्हणजे एके काळीं आधीं मचव्यांतून पनवेलचें बंदर गांठावें लागे. १८३० सालीं, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असतां, बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता खुला झाला. १८६३ सालीं आगगाडीनें घाट ओलांडला, तेव्हां ही वाहतूक पनवेलकडून रुळांकडे वळली. मधल्या तेहतीस वर्षांत बंदरावर उतरलेला माल गाडींत चढावयाचा तो माणसांच्याच पाठीवरून. रस्ता बांधविणाराचें नांव इतिहासांत राहतें. ओझें वाहणाराच्या पाठीची नोंद कोणी ठेवीत नाहीं. तथापि कंबरदुखी कशानें जडते व मनुष्यानें तिच्यावर काय काय उपाय केले, हें पाहूं गेल्यास पनवेलएवढें सोयीचें गांव क्वचितच सांपडेल.

पाठ मोडणारीं कामें बंदरावरच होतीं असें नव्हे. भाताची लावणी करणारी बाई दिवसभर चिखलांत ओणवी असे. घरांत जातें, पाटावरवंटा आणि तळ्याविहिरींवरून पाण्याच्या खेपा. कंबर धरली म्हणजे निरगुडीच्या पाल्याचा शेक आणि तिळाच्या तेलाचें मर्दन हे घरोघरचे उपाय. बाळंतिणीस शेकशेगडी ठरलेलीच. आयुर्वेदानें या उपायांस शास्त्राची बैठक दिली होती. कंबरेपासून पायांत उतरणाऱ्या कळेस चरकसंहितेंत गृध्रसी म्हटलें असून तिची गणना वातव्याधींत केली आहे. स्नेहन व स्वेदन, म्हणजे तेल आणि शेक, हे अशा व्याधींवरचे प्रमुख उपचार होत. १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं पनवेल येथें श्री धूतपापेश्वर या नांवानें औषधनिर्मितीस आरंभ केला. वैद्य रोग्यापुरतें औषध सिद्ध करी, तो काळ मागें पडूं लागला आणि तयार औषधें दूरच्या घरांत जाऊं लागलीं. तेलानें व शेकानें आखडलेले स्नायु सैल होतात, कळ कांहीं वेळ हटते, हें खरें. परंतु दुखणें पुनः कां उलटतें, याचें उत्तर बाटलींत सांपडणारें नव्हतें.

तिकडे इंग्लंडांत जॉन हिल्टन या शस्त्रवैद्याचीं विश्रांति आणि वेदना या विषयावरील व्याख्यानें १८६३ सालींच ग्रंथरूपानें निघालीं. दुखऱ्या अवयवास स्वस्थता द्यावी, हें त्याचें सूत्र. पुढें पाठ दुखली कीं आठवडेच्या आठवडे अंथरूण धरावें, अशी रीतच पडून गेली. या रीतीविरुद्ध पहिला मोठा धक्का रिचर्ड अॅशर या डॉक्टरानें १९४७ सालीं दिला. अंथरुणावर पडून राहण्याचे धोके त्यानें स्पष्ट मांडले. १९९५ सालीं हेलसिंकी नगरींतील नोकरदारांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ताज्या कंबरदुखीचे रोगी तीन गटांत विभागले होते: एकास दोन दिवस अंथरूण, दुसऱ्यास कंबरेचे व्यायाम, आणि तिसऱ्यास सोसेल तितकीं नित्याचीं कामें. लौकर बरा झाला तो तिसरा गट.

महाराष्ट्रांत मात्र शरीर हालतें ठेवण्याचा विचार आधींच रुजत होता. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार शाळांतून केला. पनवेलहून घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून आसनांचे शरीरावर काय परिणाम होतात, तें प्रयोगशाळेंत तपासण्यास आरंभ केला. या दोघांचें ध्येय सर्वांगीण आरोग्य हें होतें; कंबरदुखीचें औषध म्हणून त्यांकडे पाहूं नये. कळ ताजी असतां जोरानें पुढें वाकणें अनेकांस बाधतें.

परंतु ओझ्याखालीं वाकलेल्या मनुष्यास व्यायामाचा उपदेश करणें ही थट्टाच होय. तेथें ओझेंच हलकें केलें पाहिजे. इजा होईल इतकें ओझें कामगाराकडून उचलवूं नये, असें १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें ठरविलें. कारखान्याबाहेरचा हमाल तसाच राहिला होता. अण्णासाहेब पाटील यांनीं माथाडी कामगारांची संघटना बांधली आणि १९६९ सालीं महाराष्ट्रांत माथाडी कायदा झाला. पनवेलशेजारीं कळंबोलीच्या लोखंड बाजारांत जड माल चढविणाराच्या पाठीचा प्रश्न तेलाच्या बाटलीइतकाच या कायद्याच्या अंमलाशीं निगडित आहे.

१९९८ सालीं मुंबईची उपनगरी गाडी पनवेलपर्यंत आली आणि गांवाची पाठ निराळ्या कारणानें दुखूं लागली. पूर्वीं ओझ्यानें दुखे, आतां बैठकीनें. २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठीं जो सल्ला दिला, त्यांत व्यायाम व रोग्याचें शिक्षण यांवर भर आहे, मर्दनासही जागा आहे. कंबरपट्टा सरसकट बांधूं नये असें मात्र त्यांत म्हटलें आहे. घरांत पाळावयाचे नियम साधेच आहेत. अर्ध्या-पाऊण तासानें खुर्ची सोडून चार पावलें टाकावीं. रोज चालावें. पाण्याची बादली किंवा धान्याचा डबा उचलतांना गुडघे वांकवून वस्तु अंगाशीं धरावी. उचलतांना कंबर पिळूं नये. दुखणें आलें तरी सोसेल तेवढीं कामें चालूं ठेवावीं. मात्र पायांतील शक्ति जाऊं लागली, जांघेंत बधिरता आली, मलमूत्राचा ताबा सुटला, पडल्यामुळें दुखणें सुरू झालें, किंवा ताप येऊन वजन घटूं लागलें, तर क्षणाचाही विलंब न लावतां डॉक्टर गांठावा.

तेल आणि शेक यांस घरांत मान आहे, तो राहो. पण ज्यास बसून काम करावयाचें त्यानें उठावें, आणि ज्यास ओझें वाहावयाचें त्याचें ओझें इतरांनीं उतरवावें, एवढा धडा पनवेलच्या रस्त्यानें दोन शतकांत शिकविला आहे.