एक गाव, दोन राज्यं आणि पुराव्याचा प्रश्न

अमेरिकेच्या नकाशात रिपब्लिकन नदी शोधा. नेब्रास्का आणि कॅन्सस या राज्यांतून वाहणाऱ्या या नदीच्या नावाचा तिथल्या राजकीय पक्षाशी काहीच संबंध नाही. ते आलंय किटकेहाकी लोकांवरून.

पॉनी समाजाचे चार गट: स्किरी, चावी, पिटाहाविराटा आणि किटकेहाकी. मातीच्या मोठ्या गोल घरांत राहणारे, मका, घेवडा, भोपळा पिकवणारे आणि वर्षातून दोनदा गव्यांच्या शिकारीला जाणारे हे लोक. किटकेहाकींना गोरे लोक ‘रिपब्लिकन पॉनी’ म्हणत.

सप्टेंबर 1806 मध्ये अमेरिकन लष्करी अधिकारी झेब्युलन पाइक त्यांच्या गावात पोचला. काही आठवड्यांपूर्वीच स्पॅनिश फौज तिथे येऊन गेली होती, गावात स्पेनचा झेंडा होता. पाइकने तो उतरवायला लावला. पुढे हा प्रसंग अमेरिकेच्या अभिमानाचा झाला. पण ते गाव नेमकं कुठे होतं?

कॅन्ससने आपल्या हद्दीतल्या एका पॉनी गावाचे अवशेष पाहून 1901 मध्ये तिथे स्मारक उभारलं. नेब्रास्कातले हौशी संशोधक ए. टी. हिल यांनी मात्र पाइकच्या नोंदी जमिनीशी ताडून पाहिल्या. 1920च्या दशकात त्यांना नेब्रास्कात दुसरं गाव सापडलं, तिथे त्या काळातल्या वस्तूही मिळाल्या. आज पाइकचं गाव म्हणून तेच मानलं जातं. कॅन्ससचं गावही किटकेहाकींचंच, फक्त नंतरच्या काळातलं. म्हणजे ‘इथे पॉनी राहत होते’ हे खरं असलं, तरी त्यावरून ‘पाइक इथेच आला’ हे सिद्ध होत नाही. तुमचा पुरावा नेमकं कोणतं विधान सिद्ध करतोय, हे दरवेळी तपासा.

पण गोष्ट इथे संपत नाही. दोन राज्यं भांडत होती, तेव्हा खुद्द पॉनी तिथे नव्हतेच. 1870च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं होतं. आणि हिल यांनी कबरीही खणल्या होत्या. आपल्या पूर्वजांचे अवशेष परत मिळावेत म्हणून पॉनींना लढावं लागलं. अखेर 1989 मध्ये नेब्रास्काने तसा कायदा केला, पुढच्याच वर्षी देशपातळीवरही कायदा आला.

तेव्हा रिसर्च प्रपोजल लिहिताना दोन प्रश्न सोबत ठेवा: पुरावा काय सांगतो? आणि तो कोणाचा आहे? पहिला आपल्याला शिकवला जातो. दुसरा स्वतःहून विचारावा लागतो.