स्नोमोबाइलचे टू-स्ट्रोक वंगणतेल

स्नोमोबाइलचे टू-स्ट्रोक वंगणतेल म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल या वाहनाच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर शिरणारे, फिरत्या भागांना वंगण पुरवणारे आणि अखेरीस पेट्रोलसोबतच जळून जाणारे तेल होय. कॅनडा, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि रशिया या प्रदेशांत स्नोमोबाइलचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. तेथील हिवाळ्यात तापमान उणे ३० ते उणे ४० अंश सेल्सियसपर्यंत उतरते. त्याच वेळी इंजिनाच्या आत पिस्टनचा माथा काहीशे अंशांपर्यंत तापलेला असतो. तेल टाकीत थिजता कामा नये आणि पिस्टनवर करपून चिकटताही कामा नये, अशा दोन विरुद्ध टोकांच्या अपेक्षा या एकाच द्रवाकडून केल्या जातात. त्याची निवड मोटारसायकलच्या किंवा मोटारबोटीच्या तेलाच्या निवडीहून वेगळी ठरते ती यामुळेच.

वेगळ्या तेलाची गरज

चार-स्ट्रोक इंजिनात तळाशी तेलाचा साठा असतो व तेच तेल पुन्हा पुन्हा फिरवले जाते. टू-स्ट्रोक इंजिनात असा साठा नसतो. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण, किंवा काही नव्या इंजिनांत नुसती हवा, सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी क्रँककेसमधून जाते. तेथे तेल साठवले तर ते या प्रवाहाबरोबर वाहून जाईल. म्हणून तेल थोड्या थोड्या प्रमाणात सतत आत सोडले जाते. क्रँकच्या बेअरिंगांवर, पिस्टनच्या कडांवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर त्याचा पातळ थर बसतो आणि उरलेले जळून धुराड्यावाटे बाहेर पडते. एकदा वापरलेले तेल परत येत नाही.

चार-स्ट्रोक मोटारीचे तेल येथे चालत नाही, याचे कारणही हेच. त्या तेलात जस्त, कॅल्शियम यांची संयुगे बऱ्याच प्रमाणात असतात. ती जळली की राख उरते. ही राख स्पार्क प्लगवर व ज्वलनकक्षात साचते, प्रसंगी तापून लाल होते आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवते. अवेळी होणाऱ्या या ज्वलनाने पिस्टनच्या माथ्याला भोकही पडू शकते. १९६० च्या दशकातील स्नोमोबाइलमध्ये साधे मोटार तेल पेट्रोलमध्ये मिसळले जाई, हे खरे. पण ती इंजिने कमी शक्तीची होती आणि त्यांची उघडझाप व साफसफाई वारंवार करावी लागे.

थंडीतील प्रवाह

निवडीत पहिला प्रश्न तेल किती उत्तम आहे हा नसून ते इंजिनापर्यंत पोहोचते का, हा आहे. तापमान घटत जाते तशी तेलाची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, वाढत जातो. अखेर एका तापमानाला ते ओतलेही जात नाही. त्याच्या जरा वरच्या तापमानाला त्या तेलाचा वहनबिंदू म्हणतात. मात्र वहनबिंदूपाशी तेल ‘वाहते’ याचा अर्थ कललेल्या भांड्यात ते जेमतेम हलते, इतकाच. स्नोमोबाइलमध्ये तेल टाकीतून बारीक नळीने पंपाकडे जाते व पंपातून त्याहूनही बारीक नळ्यांनी इंजिनाकडे. तेथे जेमतेम हलणारे तेल उपयोगाचे नाही. वापराच्या ठिकाणच्या नीचतम तापमानाहून डब्यावरील वहनबिंदू बराच खाली असावा लागतो.

या गुणधर्मासाठी अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचे जे१५३६ हे मानक आहे. त्यात तेलाची प्रवाहिता आणि पेट्रोलमध्ये मिसळण्याची क्षमता यांवरून चार वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गाची चाचणी ० अंशांवर, दुसऱ्याची उणे १० वर, तिसऱ्याची उणे २५ वर आणि चौथ्याची उणे ४० वर होते. कडक थंडीच्या प्रदेशातील स्नोमोबाइलसाठी चौथा वर्ग पाहावा. (उणे ४० हा आकडा सेल्सियस व फॅरेनहाइट या दोन्ही मापांत एकच असतो, त्यामुळे अमेरिकी डब्यावरील हा एक आकडा तरी न बदलता वाचता येतो.)

तेल वेळेवर पोहोचले नाही तर पिस्टन व सिलिंडर यांच्यात धातूवर धातू घासतो, पिस्टनचे ॲल्युमिनियम भिंतीला चिकटते आणि इंजिन अडकते. यालाच बोलीभाषेत ‘इंजिन जाम होणे’ किंवा ‘सीझ होणे’ म्हणतात. रस्त्यावर ही घटना केवळ खर्चाची असते. वस्तीपासून दूर, दिवस मावळताना, उणे ३० अंशांत ती जिवावर बेतू शकते. तेथून पायी परतणे खोल बर्फामुळे बहुधा शक्य नसते.

इंजिन जाम होण्याचा दोष प्रत्येक वेळी तेलाचाच असतो, असे मात्र नाही. थंड इंजिन सुरू करून लगेच पूर्ण वेग दिला तर ॲल्युमिनियमचा पिस्टन झपाट्याने प्रसरण पावतो, सिलिंडर मात्र अजून थंड व आकुंचित असतो. दोहोंमधील फट बुजून पिस्टन चारही कोपऱ्यांवर घासतो. अशा वेळी महागातले महाग तेलही इंजिन वाचवू शकत नाही. काही मिनिटे इंजिन तापू देणे हाच त्यावरचा उपाय आहे.

डब्यावरील मानके

टू-स्ट्रोक तेलाच्या डब्यावर निरनिराळी अक्षरे छापलेली असतात आणि ग्राहकाचा गोंधळ बहुधा त्यांच्यापाशीच सुरू होतो. ‘टीसी-डब्ल्यू३’ हे अमेरिकेतील सागरी उत्पादकांच्या एनएमएमए या संघटनेचे मानक असून ते होड्यांना मागे लावायच्या आउटबोर्ड इंजिनांसाठी आहे. ‘एपीआय टीसी’ हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे वर्गीकरण मोटारसायकलसारख्या अधिक तापणाऱ्या इंजिनांसाठी आहे. ‘जासो’ हे जपानी मानक असून त्यात एफबी, एफसी व एफडी या चढत्या पायऱ्या आहेत. ईजीबी, ईजीसी, ईजीडी हे आंतरराष्ट्रीय आयएसओ वर्ग ढोबळमानाने त्यांनाच समांतर आहेत.

जासोच्या पद्धतीत एका ठरावीक संदर्भतेलाला १०० गुण मानून इतर तेलांची तुलना केली जाते. वंगणक्षमतेसाठी एफबी, एफसी व एफडी या तिन्ही वर्गांची किमान अट एकच, म्हणजे ९५ आहे. फरक पडतो तो पुढे. धुराच्या कसोटीत एफबीला ४५ गुण पुरतात, एफसी व एफडीला ८५ लागतात. स्वच्छतेच्या कसोटीत एफबीला ८५, एफसीला ९५ आणि एफडीला तब्बल १२५ गुण आवश्यक असतात. सारांश, वरच्या वर्गाचे तेल अधिक ‘निसरडे’ असते हा समज चुकीचा आहे. ते अधिक स्वच्छ जळते व आतील भाग अधिक स्वच्छ ठेवते. उणे ४० अंशांवर ते वाहील की नाही, हे मात्र एफडी ही अक्षरे सांगत नाहीत. त्यासाठी डब्यावर वहनबिंदू किंवा जे१५३६ चा वर्ग स्वतंत्रपणे शोधावा लागतो.

आउटबोर्ड इंजिनाचे तेल स्नोमोबाइलमध्ये घालावे का, हा जुना वाद आहे. आउटबोर्ड इंजिन तळ्याच्या किंवा समुद्राच्या गार पाण्याने सतत थंड होत असते आणि बऱ्याच अंशी एकाच संथ लयीत चालते. त्याच्या तेलात राख मुळीच नसावी अशी अट असते. त्यामुळे त्यातील स्वच्छताकारक द्रव्ये धातुविरहित असतात व ती मध्यम उष्णतेत चांगले काम करतात. स्नोमोबाइलची इंजिने मिनिटाला ८,००० च्या आसपास फेरे घेतात व अधिक तापतात. त्या उष्णतेत धातुविरहित द्रव्ये लवकर निकामी होतात आणि पिस्टनच्या कड्यांच्या खाचांत कार्बन साचतो. अल्प राखेची, किंचित कॅल्शियम असलेली तेले तेथे अधिक टिकाव धरतात. जुन्या, कमी शक्तीच्या, पंख्याच्या हवेने थंड होणाऱ्या स्नोमोबाइलमध्ये टीसी-डब्ल्यू३ तेलावर अनेकांनी वर्षानुवर्षे काम भागवले आहे. तथापि आधुनिक शक्तिशाली इंजिनात, केवळ ते स्वस्त आहे म्हणून, ते वापरणे शहाणपणाचे नाही.

निष्कास झडपा व कार्बन

अनेक आधुनिक स्नोमोबाइलमध्ये धूर बाहेर पडण्याच्या द्वाराशी सरकती झडप असते. ती वेगानुसार द्वाराची उंची कमी-जास्त करते, त्यामुळे कमी फेऱ्यांवर व अधिक फेऱ्यांवर दोन्हीकडे इंजिनाला जोर मिळतो. स्की-डू वाहनांतील रोटॅक्स इंजिनात तिला ‘रेव्ह’ म्हणतात; यामाहा, पोलारिस व आर्क्टिक कॅट यांनीही अशीच रचना निरनिराळ्या नावांनी वापरली आहे. अर्धवट जळलेल्या तेलाचा चिकट थर या झडपेवर बसला की ती अडकते. वाहन बंद पडत नाही, पण त्याचा जोर नाहीसा होतो आणि चालक कारण शोधत राहतो. तेल किती स्वच्छ जळते, हे चालकाला सर्वप्रथम या झडपेवरून कळते. ती ठरावीक काळाने काढून पुसणे हा देखभालीचा भाग असला, तरी हलक्या तेलाने हे काम वारंवार करावे लागते.

खनिज व कृत्रिम तेले

खनिज तेल कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले असते. त्यातील मेणयुक्त घटक थंडीत स्फटिकरूप होऊन तेल घट्ट करतात. एस्टर किंवा तत्सम रासायनिक पद्धतीने तयार केलेल्या कृत्रिम तेलात हा दोष फारच कमी असतो, आणि एस्टरचा थर तापलेल्या धातूला घट्ट धरून राहतो. धूर कमी करण्यासाठी पॉलिआयसोब्युटिलीन हे द्रव्य मिसळतात. ते तापले की मागे फारसे काही न उरता विघटित होते. अर्धकृत्रिम तेलात खनिज व कृत्रिम भागांचे प्रमाण किती, हे त्या शब्दावरून कळत नाही. एकेकाळी शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल लोकप्रिय होते. उष्णतेत त्याचे वंगण अप्रतिम असते. परंतु थंडीत ते पेट्रोलपासून वेगळे होते आणि मागे डिंकासारखा थर सोडते, म्हणून बर्फात ते निरुपयोगी आहे.

तेलाचा निळा, हिरवा किंवा लाल रंग हा नुसता घातलेला रंग असतो. पेट्रोलमध्ये तेल मिसळले आहे की नाही हे डोळ्यांना दिसावे, एवढाच त्याचा हेतू. गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही.

मिश्रण व अंतःक्षेपण

जुन्या वाहनांत व काही शर्यतीच्या वाहनांत तेल पेट्रोलच्या टाकीतच मिसळतात. ५०:१ या प्रमाणात २० लिटर पेट्रोलला ४०० मिलिलिटर तेल लागते, ४०:१ ला ५०० मिलिलिटर. १९६० च्या दशकात २०:१ हे प्रमाणही प्रचलित होते. ‘थोडे जास्त तेल घातले तर बरेच’ ही समजूत येथे धोक्याची ठरू शकते. कार्ब्युरेटरच्या छिद्रातून मोजून जाणाऱ्या द्रवात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा वाटा तेवढाच घटतो. ५०:१ ऐवजी २०:१ केल्यास पेट्रोल सुमारे ३ टक्क्यांनी कमी होते, म्हणजे हवेच्या मानाने मिश्रण विरळ होते, आणि विरळ मिश्रण इंजिन अधिक तापवते. थंडीत हवा मुळातच घन असल्याने ही विरलता आणखी जाणवते. तेल व पेट्रोल घराच्या उबेत आणून मिसळणे सोपे वाटले, तरी पेट्रोलची वाफ बंद खोलीत साचून पेट घेऊ शकते. तेवढे तेलच उबेत ठेवावे आणि मिश्रण उघड्या हवेत करावे.

नंतरच्या बहुतेक वाहनांत तेलाची टाकी वेगळी असते आणि इंजिनावर चालणारा पंप वेगाच्या व भाराच्या प्रमाणात तेल सोडतो. स्की-डूच्या २००९ च्या मॉडेलांपासून आलेल्या ई-टेक इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. क्रँककेसमधून पेट्रोल जातच नसल्याने तेथे पोहोचणारे थोडेसे तेल हेच एकमेव वंगण असते. अशा इंजिनांना तेल कमी लागते, पण जे लागते ते चोख लागते.

तेलाचा प्रकार बदलताना राखविरहित व अल्प राखेची तेले टाकीत एकत्र करणे टाळावे. त्यांतील द्रव्यांची परस्परांशी प्रक्रिया होऊन थंडीत जेलीसारखा गाळ धरण्याची शक्यता असते, आणि तो नळीतच अडकतो. टाकी रिकामी करून मगच नवे तेल भरणे इष्ट.

उत्पादकाची शिफारस

स्नोमोबाइलचे उत्पादक आपापल्या नावाचे तेल विकतात व माहितीपुस्तिकेत त्याचीच शिफारस करतात. यात व्यापारी हेतू आहे, पण तेवढाच नाही. पंपाची गती व झडपांची रचना त्या तेलाच्या विष्यंदितेला जुळवून ठरवलेली असते. दुसरीकडे, अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस हमी कायद्यानुसार विशिष्ट नाममुद्रेची वस्तू वापरलीच पाहिजे अशी अट, ती वस्तू मोफत दिल्याशिवाय किंवा सरकारी सूट मिळाल्याशिवाय, हमीपत्रात घालता येत नाही. मात्र चुकीच्या तेलामुळेच बिघाड झाला असेल तर हमी नाकारता येते. म्हणून पुस्तिकेत नावापलीकडे दिलेला मानकाचा व थंडीच्या वर्गाचा उल्लेख वाचून, त्याला उतरणारे तेल घेणे हा मध्यममार्ग रास्त ठरतो. हमीचा काळ चालू असताना उत्पादकाचेच तेल वापरून पावत्या जपून ठेवणाऱ्यांचा व्यवहार अधिक सावध म्हणावा लागेल.

धूर व नियम

जळणारे तेल हवेत जाते, ही टू-स्ट्रोक इंजिनाची जन्मजात उणीव आहे. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात स्नोमोबाइलच्या धुराचा त्रास इतका वाढला, की प्रवेशद्वारावरील कर्मचाऱ्यांना श्वसनमुखवटे द्यावे लागले. पुढे तेथे कमी धूर व कमी आवाज करणाऱ्या वाहनांची अट आली व चार-स्ट्रोक स्नोमोबाइलचा वापर वाढला. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये स्नोमोबाइलसाठी उत्सर्जनाचे नियम जाहीर केले. ते २००६ च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. थेट फवारणीच्या इंजिनांना आणि कमी धुराच्या तेलांना त्यामुळे चालना मिळाली.

भारतातील संदर्भ

भारतात काश्मीरमधील गुलमर्ग येथे पर्यटकांसाठी स्नोमोबाइल चालवल्या जातात, तर सियाचीन हिमनदीवर भारतीय लष्कर स्नो-स्कूटर वापरते. महाराष्ट्रातील वाचकाला टू-स्ट्रोक तेल परिचित आहे ते जुन्या स्कूटर व रिक्षांत पेट्रोलपंपावर घातल्या जाणाऱ्या ‘टू-टी’ ऑइलच्या रूपाने. ते तेल उष्ण हवामान गृहीत धरून बनवलेले असते. त्याचा जासो वर्ग चांगला असला, तरी हिमनदीवरील थंडीत ते टाकीतून पंपापर्यंत पोहोचेल याची शाश्वती त्या वर्गावरून मिळत नाही.