स्ट्रायपर : सदस्यरचना, साक्ष आणि सातत्य

एखाद्या संगीतमंडळाचा इतिहास लिहिताना त्या मंडळाची ओळख कशात मानावयाची, हा प्रश्न प्रारंभीच उपस्थित होतो. नाव तेच राहते आणि माणसे बदलतात. कधी माणसे तीच राहतात आणि मंडळाचे स्वरूप पालटते. सामान्य करमणूकप्रधान मंडळाच्या बाबतीत हा प्रश्न रसिकांच्या आवडीनिवडीपुरता उरतो. परंतु जे मंडळ धर्मश्रद्धेची जाहीर साक्ष देण्यासाठी उभे राहिले, त्याच्या बाबतीत सदस्याचे जाणे-येणे ही केवळ व्यावसायिक घटना राहत नाही. तिला नैतिक अर्थ चिकटतो. अमेरिकेतील ‘स्ट्रायपर’ या ख्रिस्ती हेवी मेटल बँडचा इतिहास या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. या इतिहासात दोन घटना परस्परविरुद्ध दिसतात. १९८६ मध्ये मूळ चौघांपैकी एकाने न वाजविलेला आल्बम या बँडचा सर्वाधिक यशस्वी आल्बम ठरला. आणि १९९० मध्ये चौघेही मूळ सदस्य एकत्र असताना निघालेल्या आल्बमनंतर तीन वर्षांच्या आत बँड संपुष्टात आला. या विसंगतीचा उलगडा केवळ सदस्यांची यादी तपासून होत नाही.

स्ट्रायपरचा उगम दक्षिण कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्यात झाला. या प्रदेशाला दोन परंपरांचा वारसा होता. त्यांपैकी पहिली धार्मिक होय. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी तरुणांमध्ये जी येशू-चळवळ उदयास आली, तिचे एक प्रमुख केंद्र याच परगण्यातील कोस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपेल हे होते. चक स्मिथ या पाळकांनी लांब केसांच्या, अनवाणी तरुणांना व त्यांच्या गिटारीला चर्चमध्ये प्रवेश दिला आणि १९७१ मध्ये तेथूनच ‘मारानाथा! म्यूझिक’ ही संस्था निघाली. त्यापूर्वी १९६९ मध्ये लॅरी नॉर्मन यांच्या ‘अपॉन धिस रॉक’ या आल्बमने रॉक संगीत व ख्रिस्ती आशय यांची सांगड घातलेली होती. दुसरी परंपरा लौकिक होती. शेजारच्या लॉस एंजेलिस परिसरातील सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरील क्लबांतून १९८० च्या सुमारास भडक वेष, रंगविलेले चेहरे व कर्णकर्कश गिटार यांनी युक्त अशी मेटल संगीताची नवी शाखा वाढीस लागली होती. या दोन प्रवाहांच्या संगमावर स्ट्रायपर उभा आहे.

बँडचे संस्थापक रॉबर्ट स्वीट व मायकेल स्वीट हे दोघे सख्खे भाऊ. थोरले रॉबर्ट ड्रमवादक, तर धाकटे मायकेल गायक, गिटारवादक व बहुतेक गीतांचे कर्ते. १९७५ च्या सुमारास जिमी स्वॅगर्ट या धर्मोपदेशकाची दूरचित्रवाणीवरील प्रवचने पाहून स्वीट कुटुंबाने नवजन्माचा ख्रिस्ती अनुभव स्वीकारला. पुढे हेच स्वॅगर्ट ख्रिस्ती रॉक संगीताचे कठोर टीकाकार झाले आणि त्यांच्या टीकेच्या रोखात स्ट्रायपरही सापडला. ज्याच्या वाणीने श्रद्धेचे बीज पेरले, त्यानेच त्या श्रद्धेला आलेले फळ नाकारावे, हा विरोधाभास या इतिहासाच्या मुळाशीच आहे.

भावांनी काढलेल्या बँडचे पहिले नाव ‘रॉक्स रेजीम’ असे होते. त्यात काही काळ सी. सी. डेव्हिल हे गिटारवादक होते. ते पुढे ‘पॉयझन’ या लौकिक बँडमध्ये गेले व प्रसिद्धीस आले. स्ट्रायपरची स्थिर सदस्यरचना सिद्ध झाली ती ऑझ फॉक्स हे गिटारवादक आणि टिम गेन्स हे बेसवादक सामील झाल्यावर. १९८३ मध्ये बँडने आपले संगीत ख्रिस्ताच्या सेवेस वाहण्याचा निश्चय केला व ‘स्ट्रायपर’ हे नाव धारण केले. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ५३ व्या अध्यायाच्या ५ व्या वचनात सेवकाने सोसलेल्या फटक्यांचा जो उल्लेख येतो, त्याच्याशी या नावाचा संबंध जोडण्यात आला. इंग्रजीत फटक्याचा वळ व रंगाचा पट्टा यांना एकच शब्द असल्यामुळे बँडचे पिवळे-काळे पट्टे हे वेषाचे अंग तर झालेच, पण त्या वचनाचे दृश्य चिन्हही झाले. कार्यक्रमाच्या वेळी श्रोत्यांत नव्या कराराच्या प्रती फेकण्याची प्रथाही याच भूमिकेतून आली. तात्पर्य, १९८३ मधील नामांतर हे जाहीर व्रतग्रहण होते आणि त्याचे साक्षीदार श्रोते होते.

१९८४ मध्ये ‘एनिग्मा’ या ध्वनिमुद्रण कंपनीने ‘द यलो अँड ब्लॅक अटॅक’ ही सहा गीतांची छोटी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. एनिग्मा ही लौकिक कंपनी होती, ही बाब महत्त्वाची आहे. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांपुरत्या मर्यादित पेठेत न राहता सामान्य पेठेत उतरण्याचा हा निर्णय होता. १९८५ मध्ये ‘सोल्जर्स अंडर कमांड’ हा आल्बम निघाला व त्याने पाच लाख प्रतींच्या विक्रीचे सुवर्णमानांकन मिळविले. त्याच वर्षी १९ सप्टेंबर रोजी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे रॉक गीतांतील अश्लीलता व हिंसा यांविषयी गाजलेली सुनावणी झाली. मेटल संगीत समाजविघातक आहे, असा ग्रह बळावत असता त्याच संगीतातून शुभवर्तमान सांगू पाहणारा बँड दोन्ही बाजूंना अडचणीचा वाटावा, हे स्वाभाविकच होते. परंपरानिष्ठ ख्रिस्ती टीकाकारांना त्याचा वेष सैतानी वाटला. मेटलच्या अनुयायांना त्याचा आशय उपदेशपर वाटला. या दुहेरी अविश्वासात आपली भूमिका सतत सिद्ध करीत राहणे बँडला भाग पडले.

१९८६ च्या ‘टू हेल विथ द डेव्हिल’ या आल्बमच्या वेळी सदस्यरचनेतील पहिली मोठी फट पडली. टिम गेन्स काही काळ बँडपासून दूर झाले. ध्वनिमुद्रणात बेस वाजविला तो ब्रॅड कॉब यांनी. आल्बम पूर्ण झाल्यावर गेन्स परतले, आणि छायाचित्रांत व रंगमंचावर पुन्हा तेच चौघे दिसू लागले. १९८८ च्या ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ या आल्बममध्येही बेस कॉब यांनीच वाजविला. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावयास हवे. चित्रात दिसणारे चौघे आणि मुद्रिकेत ऐकू येणारे वादक हे दोन वेगळे पुरावे आहेत. एकावरून दुसऱ्याचे अनुमान करता येत नाही. तथापि या तफावतीमुळे बँडच्या प्रतिष्ठेला धक्का बसला नाही. ‘टू हेल विथ द डेव्हिल’च्या दहा लाखांवर प्रती खपल्या व त्यातील ‘ऑनेस्टली’ हे मंद लयीचे गीत अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. श्रोत्यांच्या लेखी व्रत अभंग होते. चौकडीतील एक हात बदलला, हे फारसे कोणाच्या कानी आले नाही.

१९९० मध्ये चित्र नेमके उलटले. ‘अगेन्स्ट द लॉ’ या आल्बमसाठी मूळ चौघे एकत्र होते. गेन्स यांनीही त्यात बेस वाजविला. वादनाच्या दृष्टीने हा आल्बम अधिक भारदस्त मानणारे जाणकार आहेत. परंतु पिवळे-काळे पट्टे गेले, गीतांतील उघड धार्मिक आशय ओसरला, आणि ‘अर्थ, विंड अँड फायर’ या बँडचे ‘शायनिंग स्टार’ हे लौकिक गीत नव्याने गाइले गेले. त्या काळातील मद्यपानाची व उक्ती-कृतीतील अंतराची कबुली पुढे मायकेल स्वीट यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात दिली आहे. खप घटला. १९९१ मध्ये ‘कान्ट स्टॉप द रॉक’ हा निवडक गीतांचा संग्रह निघाला आणि १९९२ च्या प्रारंभी मायकेल स्वीट बँडमधून बाहेर पडले. उरलेल्या तिघांनी काही काळ कार्यक्रम चालू ठेवले. ऑझ फॉक्स यांनी गायनाची बाजू सांभाळली, काही कार्यक्रमांत ‘ब्राइड’ या ख्रिस्ती बँडचे गायक डेल थॉम्प्सन यांचे साहाय्य घेतले गेले. १९९३ मध्ये बँड विसर्जित झाला.

या पतनाची कारणमीमांसा करताना दोन आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप असा की, ही अवनती एकट्या स्ट्रायपरची नव्हती. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘निर्व्हाना’चा ‘नेव्हरमाइंड’ प्रसिद्ध झाल्यानंतर झगमगीत मेटलची सारी पेठच कोसळली. एनिग्मा कंपनीही त्याच सुमारास बंद पडली. हा आक्षेप बराचसा ग्राह्य आहे. मात्र खपाची घसरण १९९० मध्येच, म्हणजे ‘नेव्हरमाइंड’च्या आधी, सुरू झाली होती, एवढे लक्षात ठेवले पाहिजे. दुसरा आक्षेप असा की, बँडचा प्राण गायक हाच असतो; बेसवादक गेला तर चालते, गायक गेला तर चालत नाही. १९९२-९३ च्या अनुभवाने हे खरे ठरविले आहे. परंतु १९९० मध्ये गायक तोच होता, गीतकारही तोच होता. तरी ओहोटी लागली. म्हणजे गायकाचा आवाज आवश्यक होता, पण पुरेसा नव्हता. बाजाराचा बदल व आवाजाचा अभाव ही कारणे मान्य करूनही एक अवशेष उरतो, आणि तो म्हणजे श्रोत्यांसमोर घेतलेल्या व्रताचा. लौकिक बँडने वेष बदलला तर ती अभिरुची ठरते; स्ट्रायपरने वेष बदलला तेव्हा तो व्रतभंग वाटला. ज्या चर्चने पूर्वी संशय घेतला होता त्याला आपला संशय खरा झाल्यासारखे वाटले, आणि ज्या अनुयायांनी त्या संशयाविरुद्ध बँडची बाजू घेतली होती त्यांच्या हातचे प्रमाणच निसटले.

या निष्कर्षाची कसोटी उत्तरकाळात मिळते. २००३ मध्ये दोन नवीन गीतांसह ‘सेव्हन’ हा संग्रह निघाला व मूळ चौघांनी अमेरिकेचा दौरा केला. २००४ मध्ये गेन्स पुन्हा बाहेर पडले आणि त्यांच्या जागी ट्रेसी फेरी आले. पंधरा वर्षांनंतरचा पहिला संपूर्ण नवा आल्बम ‘रीबॉर्न’ (२००५) फेरी यांच्यासह निघाला. ‘मर्डर बाय प्राइड’ (२००९) मध्ये तर ड्रम वाजविले केनी अॅरोनॉफ या नामांकित व्यावसायिक वादकाने, आणि सदस्य मात्र रॉबर्ट स्वीट हेच राहिले. १९८६ मधील चित्र व ध्वनी यांची तफावत येथे संस्थापकाच्याच जागी पुन्हा आढळते. त्यानंतर गेन्स परतले. ‘द कव्हरिंग’ (२०११) मध्ये ब्लॅक सॅबथ, जूडास प्रीस्ट, आयर्न मेडन आदी लौकिक बँडांची गीते गाऊन स्ट्रायपरने आपले गुरुऋण उघडपणे मान्य केले. पण हे करताना संग्रहात ‘गॉड’ हे स्वतःचे नवे गीत ठेवण्यास तो विसरला नाही. १९९० मधील ‘शायनिंग स्टार’ आणि २०११ मधील हा संग्रह यांतील फरक येथेच आहे. पहिल्या वेळी लौकिक गीत साक्षीच्या जागी आले असे वाटले. दुसऱ्या वेळी ते साक्षीच्या शेजारी ठेवले गेले.

२०१७ मध्ये गेन्स पुन्हा विभक्त झाले. त्यांची जागा ‘फायरहाऊस’ या लौकिक बँडचे मूळ बेसवादक पेरी रिचर्डसन यांनी घेतली. त्यांच्यासह ‘गॉड डॅम ईव्हिल’ (२०१८), ‘ईव्हन द डेव्हिल बिलीव्ह्‌ज’ (२०२०), ‘द फायनल बॅटल’ (२०२२) व ‘व्हेन वुई वेअर किंग्ज’ (२०२४) हे आल्बम निघाले. यांपैकी पहिल्याचे शीर्षक म्हणजे देवाने दुष्टाचा नाश करावा अशी प्रार्थना होती. तरी शब्द शिवीसारखे वाटल्यामुळे वॉलमार्ट या विक्रेत्याने तो आल्बम दुकानांत ठेवण्याचे नाकारले. सैतानाला नरकात धाडणाऱ्या १९८६ च्या शीर्षकावर जो वाद झाला, तोच बत्तीस वर्षांनी नव्या रूपाने झाला. बँड पूर्वीच्याच दुहेरी अविश्वासाच्या रेषेवर उभा होता, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

स्वीट बंधू व फॉक्स या तिघांचा गाभा पुनरुज्जीवनानंतर टिकून राहिला, हे खरे. त्यामुळे केवळ व्रतावर बँड जगला असे म्हणता येणार नाही. परंतु १९९० मध्ये हा गाभा अखंड असूनही तो बँडला तारू शकला नाही, हेही तितकेच खरे. एकाच आसनावर गेन्स, कॉब, फेरी व रिचर्डसन असे चार बेसवादक बसून गेले आणि बँड तोच राहिला. माणूस न बदलता पट्टे उतरले तेव्हा मात्र तो वेगळा भासला. धर्मनिष्ठ कलामंडळांच्या इतिहासात सदस्यांची यादी हे साधन अवश्य वापरावे. पण मंडळाने कोणासमोर काय कबूल केले होते आणि ते केव्हा पाळले गेले, याची नोंद त्या यादीशेजारी ठेवल्यावाचून तिचा अर्थ लागत नाही.