स्कूबा डायव्हिंग आणि डोळ्यांचा शोथ

पाठीवरील टाकीत दाबाने भरलेली हवा श्वासासाठी वापरून पाण्याखाली संचार करण्यास स्कूबा डायव्हिंग म्हणतात. जंतुसंसर्ग, इजा किंवा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाड यांमुळे डोळ्याच्या एखाद्या भागास येणारी दाहयुक्त सूज म्हणजे डोळ्याचा शोथ. असा शोथ असताना पाण्याखाली जाणे कितपत सुरक्षित आहे, याचे उत्तर शोथ डोळ्याच्या कोणत्या भागाचा आहे, तो कशामुळे झाला आणि त्यावर कोणती औषधे चालू आहेत, यांवर अवलंबून असते.

पाण्याचा दाब आणि डोळा

खोल पाण्यातील दाबामुळे सुजलेला डोळा अधिक बिघडतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. समुद्रात दर १० मीटर खोलीस सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो. परंतु डोळा द्रवाने भरलेला असतो आणि द्रव जवळजवळ संकोच पावत नाही. दाब संपूर्ण शरीरावर सारखाच पसरतो, त्यामुळे डोळ्याच्या आत आणि बाहेर दाबाचा फरक उरत नाही. निरोगी डोळ्याप्रमाणेच शोथ असलेल्या डोळ्यालाही हे लागू आहे.

अडचण असते ती डोळ्यासमोरील मास्कमधील हवेची. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते. म्हणजे पृष्ठभागापासून अवघ्या १० मीटरवर मास्कमधील हवा निम्म्या जागेत मावू लागते. पाणबुड्याने नाकावाटे थोडी हवा मास्कमध्ये सोडली नाही, तर मास्क चेहऱ्याला चिकटतो आणि डोळ्यांभोवती ओढ निर्माण होते. तिच्यामुळे नेत्रश्लेष्मलेतील, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणातील, केशवाहिन्या फुटतात व पापण्या काळ्यानिळ्या होतात. शोथामुळे या वाहिन्या आधीच विस्फारलेल्या असतात, म्हणून त्यांच्यावर असा ताण येऊ न देणेच इष्ट. नाक न झाकणारा पोहण्याचा चष्मा डायव्हिंगसाठी का चालत नाही, याचेही कारण हेच आहे: त्यात हवा सोडण्याची सोय नसते.

डोळ्यातच हवा किंवा वायू असेल, तर मात्र स्थिती पूर्णपणे बदलते. दृष्टिपटलाच्या काही शस्त्रक्रियांत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पूर्णपणे शोषला जाईपर्यंत डायव्हिंग वर्ज्य आहे. विमानप्रवासही टाळावा लागतो.

शोथाचे प्रकार

नेत्रश्लेष्मलेचा शोथ म्हणजे रोजच्या भाषेत ‘डोळे येणे’. तो बहुधा ॲडिनोव्हायरसमुळे होतो आणि रुग्ण सुमारे दोन आठवडे इतरांना संसर्ग देऊ शकतो. हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस टिकतो. मास्क एकाकडून दुसऱ्याकडे जातो, काचेवर वाफ धरू नये म्हणून त्यात थुंकी चोळण्याची प्रथा आहे आणि अनेकांचे मास्क एकाच बादलीतील पाण्यात विसळले जातात. त्यामुळे येथे धोका रुग्णाइतकाच त्याच्या सोबत्यांना असतो. शिवाय समुद्राचे पाणी अश्रूंपेक्षा कितीतरी अधिक खारट असल्याने सुजलेला डोळा चुरचुरतो. लाली, स्राव व पाणी येणे थांबेपर्यंत पाण्याबाहेर राहणे आणि स्वतःचा मास्क वापरणे हाच उपाय.

पारपटलाचा शोथ अधिक गंभीर असतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरणाऱ्यांना अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाचा संसर्ग होऊ शकतो. त्यात तीव्र वेदना होतात, उपचार अनेक महिने चालतात आणि पारपटलावर कायमचा व्रण राहू शकतो. मास्कच्या काचेला लावलेले वाफरोधक द्रव्य नीट धुतले गेले नाही, तर त्यानेही पारपटलास इजा होते.

बुबुळ आणि त्यास जोडलेला रक्तवाहिन्यांचा पडदा यांच्या शोथास युव्हायटिस म्हणतात. डोळा दुखणे, प्रकाश सहन न होणे आणि अंधुक दिसणे ही त्याची लक्षणे असून तो पुनःपुन्हा उद्भवू शकतो. अनेकदा त्याचे मूळ डोळ्याबाहेर असते: पाठीचा कणा ताठर करणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, सार्कॉइडोसिस, क्षयरोग. पाणबुड्याच्या दृष्टीने ही माहिती डोळ्याइतकीच महत्त्वाची आहे. सार्कॉइडोसिस व क्षय यांत फुप्फुसावर व्रण किंवा पोकळ्या राहू शकतात. वर येताना तेथे अडकलेली हवा प्रसरण पावल्यास फुप्फुस फाटण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेततो. म्हणून डोळा शांत झाला एवढ्यावर भागत नाही. मूळ रोगाचा तपास झाल्याशिवाय अनुमती देणे योग्य ठरत नाही.

औषधांचे परिणाम

युव्हायटिसमध्ये बाहुली विस्फारणारे ॲट्रोपिनसारखे थेंब देतात. त्यांमुळे जवळचे स्पष्ट दिसत नाही. खोली आणि टाकीतील हवा दाखवणारे आकडे वाचता न येणे ही पाण्याखाली क्षुल्लक गैरसोय नव्हे. स्टेरॉइडचे थेंब शोथ उतरवतात, परंतु डोळ्यातील दाब वाढवू शकतात आणि पारपटलाला नागिणीसारख्या विषाणूंचा संसर्ग असल्यास तो बळावतो. औषधाच्या दुकानातून ते चिठ्ठीशिवाय घेण्याची सवय म्हणूनच घातक आहे. दाब कमी करणारे टिमोलॉलचे थेंब रक्तात शोषले जाऊन दम्याचा विकार उफाळवू शकतात व नाडी मंद करू शकतात. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी हातापायांना मुंग्या येतात. तशाच मुंग्या डीकम्प्रेशन सिकनेसमध्येही येतात, त्यामुळे निदानात घोटाळा होतो.

डुबकीनंतरचा लाल डोळा

डुबकीनंतर डोळ्यात रक्ताचा लालभडक डाग दिसला, पण वेदना नाही आणि दृष्टी स्वच्छ आहे, तर तो बहुधा मास्कच्या ओढीचा परिणाम असतो. दिसायला भयंकर असला, तरी तो एक-दोन आठवड्यांत आपोआप विरतो. वेदना, प्रकाशाचा त्रास किंवा अंधुक दृष्टी असल्यास नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे.

एकाएकी दोन-दोन प्रतिमा दिसू लागणे किंवा दृष्टीचा काही भाग नाहीसा होणे हे डीकम्प्रेशन सिकनेसचे लक्षण असू शकते. दाब झपाट्याने कमी झाल्यास रक्तात व ऊतकांत विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो व ही व्याधी होते. अशा बुडबुड्याची फार जुनी नोंद डोळ्याचीच आहे: निर्वात पंपात ठेवलेल्या सापाच्या डोळ्यातील द्रवात एक बुडबुडा हलताना बॉइल यांना दिसला व त्यांनी ते १६७० मध्ये प्रसिद्ध केले. या व्याधीवर प्राणवायू आणि दाबकक्षातील उपचार लागतात. डोळ्यांचे थेंब घालून वाट पाहणे चुकीचे आहे.

कोकण व गोवा

महाराष्ट्रात मालवण व तारकर्ली, तर गोव्यात ग्रँडे बेट या परिसरात पर्यटकांसाठी डायव्हिंग चालते. पावसाळ्यात ते बंद असते. डोळे येण्याच्या साथीही बहुधा पावसाळ्यातच येतात. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात अशी मोठी साथ होती. साथ रेंगाळली, तर हंगामाच्या आरंभी येणारे पर्यटक संसर्ग घेऊन येऊ शकतात. येथील बहुसंख्य पर्यटक प्रथमच पाण्याखाली जातात. मास्कमध्ये नाकाने हवा सोडण्याची सवय त्यांना नसते आणि मास्क केंद्राचाच असतो. आरोग्यविषयक प्रश्नावलीत डोळे, कान व नाक यांच्या तक्रारी विचारलेल्या असतात, पण पैसे भरून झालेले असले की तेथे खरे लिहिण्याकडे कल कमी होतो. तक्रार सांगितल्यास प्रशिक्षक वेगळा मास्क देऊ शकतो किंवा डुबकी पुढे ढकलू शकतो. बोट किनाऱ्यावरून सुटल्यावर यांपैकी दुसरा पर्याय सहसा उरत नाही.