प्रेमाचे अनौचित्य : अमेरिकन विज्ञानकथेतील समूह आणि संमती

चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त शृंगारातील अनौचित्याची जी गणना केली आहे, तिच्यात दोन भिन्न स्वरूपाचे दोष एकत्र आले आहेत. रती उभयनिष्ठ नसेल, म्हणजे ती एकाच पक्षाच्या ठिकाणी असेल, तर तो रसाभास होय, हा एक दोष. अधम पात्र वा तिर्यक् योनीतील जीव यांच्या ठिकाणची, किंवा अनेक नायकांविषयीची रती हाही रसाभासच, हा दुसरा. पहिल्याचा निकष प्रेमिकांच्या परस्परसंबंधात आहे. दुसऱ्याचा निकष समूहाने आखलेल्या मर्यादेत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकन विज्ञानकथेत प्रेमाचा जो विचार झाला, त्याचा इतिहास हे दोन निकष परस्परांपासून विलग होण्याचा इतिहास म्हणून वाचता येतो.

या विलगीकरणामागे एक सामाजिक संदर्भ आहे. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ या खटल्यात आंतरवंशीय विवाहांवर बंदी घालणारे राज्यांचे कायदे घटनाबाह्य ठरविले. पुढील वर्षी, २२ नोव्हेंबर १९६८ रोजी प्रसारित झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या एका भागात गौरवर्णीय कप्तान कर्क आणि कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा यांचे चुंबन दाखविण्यात आले. वर्णभेदाची मर्यादा ओलांडणारा प्रसंग म्हणून त्याचा वारंवार गौरव होतो. परंतु कथानकात हे चुंबन स्वेच्छेचे नाही. मनोबलाने इतरांची शरीरे हलवू शकणारे परग्रहवासी ते दोघांवर लादतात. समूहाची मर्यादा ओलांडली गेली, ती संमतीला वगळून. पुढील लेखनात हा पेच पुन्हा पुन्हा उभा राहतो.

अर्सुला ली ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) या कादंबरीत मर्यादेचा प्रश्न मुळापासून हाताळला गेला. गेथेन या हिमग्रहावरील माणसे एरवी लिंगभेदरहित असतात. ‘केमर’च्या मोजक्या दिवसांत त्यांना तात्पुरते स्त्रीत्व वा पुरुषत्व प्राप्त होते. पृथ्वीवरून आलेला कृष्णवर्णीय दूत गेन्ली आय आणि पदच्युत प्रधान एस्त्राव्हेन हे दोघे हिमप्रदेश ओलांडतात. वाटेत एस्त्राव्हेनला केमर प्राप्त होतो. तरीही दोघे शरीरसंबंध टाळतात. त्यांचे प्रेम साम्यातून नव्हे, तर भेदाच्या स्वीकारातून उद्भवते. अखेरीस आपल्याच जातीची माणसे अवकाशयानातून उतरताना गेन्लीला ती परकी वाटतात. प्रेमाने त्याला एक सोबती दिला, एवढेच येथे घडत नाही. त्याच्या ‘आपण’ या शब्दाची व्याप्तीच बदलते.

मात्र ही व्याप्तीही सीमित होती. गेथेनवासीयांसाठी योजलेल्या पुल्लिंगी सर्वनामावर आक्षेप घेतले गेले. १९७६ च्या निबंधात ली ग्विन यांनी आपल्या निवडीचे समर्थन केले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच निबंधाला टिपणे जोडून त्यांनी आपले मत बदलले आणि समलिंगी संबंधांची शक्यता आपण निष्कारण वगळली, हेही मान्य केले. १९९५ च्या ‘कमिंग ऑफ एज इन कारहाइड’ या कथेत ती उणीव त्यांनी भरून काढली. मराठी वाचकाला हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवावा. मराठीत लिंग सर्वनामापुरते राहत नाही, ते क्रियापदातही उमटते; आणि नपुसकलिंग हाताशी असूनही प्रौढ व्यक्तीविषयी ते योजताच बहुधा तिच्या माणूसपणालाच उणेपणा येतो.

ऑक्टेव्हिया बटलर (१९४७–२००६) यांनी दुसरा निकष ऐरणीवर आणला. ‘ब्लडचाइल्ड’ (१९८४) या कथेत परग्रहावर आश्रय घेतलेली माणसे तेथील ‘ट्लिक’ जीवांची अंडी आपल्या शरीरात वाढवितात. अशा एका प्रसूतीचे भीषण दृश्य पाहिलेला गान हा तरुण हाती बंदूक घेऊन टगाटॉयला सामोरा जातो आणि शेवटी स्वतः होकार देतो. मात्र बंदूक घरातच राहावी, असा आग्रह धरतो. त्याने नकार दिला असता तर त्याच्या बहिणीची निवड होणार होती. ही गुलामगिरीची कथा नसून प्रेमकथा आहे, असे बटलर यांनी नंतर म्हटले. तथापि ज्या होकाराला पर्याय इतका महाग आहे, तो होकार म्हणावा काय, हा प्रश्न कथा मिटवीत नाही. ‘डॉन’ (१९८७) या कादंबरीत तो अधिकच तीव्र होतो. अणुयुद्धातून वाचलेल्या लिलिथला ओआन्काली जीव नवे कुटुंब देतात. पण निकांज तिला न विचारता गर्भवती करतो आणि तिलाही हेच हवे होते, असा दावा करतो. येथे तिर्यक् योनीचा अडसर उरलेला नाही. उभयनिष्ठतेचा मात्र उरला आहे. शृंगार आणि रसाभास यांच्या सीमेवरच बटलर यांचे लेखन उभे राहते.

बेकी चेंबर्स यांची ‘द लाँग वे टू अ स्मॉल, अँग्री प्लॅनेट’ ही कादंबरी २०१४ मध्ये स्वतःच प्रकाशित करण्यात आली. तिच्यात विविध वंशांचे कर्मचारी एका यानावर कुटुंब होऊन राहतात. रोझमेरी आणि आन्ड्रिस्क वंशाची सिसिक्स यांचे प्रेम कोणालाही अनुचित वाटत नाही. जेंक्सचे यानाच्या कृत्रिम बुद्धीवरील प्रेम सोबत्यांना समजते, कायद्याला समजत नाही. समूहाची मर्यादा येथे जवळजवळ विरघळली आहे. परंतु विषाणूबाधेला धर्म मानून मृत्यू स्वीकारणाऱ्या ओहानला त्याच कुटुंबातील कॉर्बिन इच्छेविरुद्ध औषध टोचतो, आणि कादंबरीचा कल त्या कृतीला आपुलकीत सामावून घेण्याकडे आहे. लिलिथचा रोष बटलर शमू देत नाहीत. येथे जिव्हाळा प्रश्नाच्या आधी पोहोचतो.

म्हणूनच या परंपरेचे मूल्यमापन पात्रांच्या वैविध्यावरून करणे पुरेसे नाही. कोण कोणावर प्रेम करू शकतो, या प्रश्नाचे उत्तर विज्ञानकथेने उदारपणे दिले आहे. ज्याला प्रेमाने आपल्यात घेतले जाते, त्याला नकार देण्याची मुभा आहे काय, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. समूह जितका प्रेमळ, तितका तो विचारणे अवघड होते.